आई गेल्यावर ‘श्यामची आई’

आईवडिलांपैकी कुणी गेले की काही दिवसांनी घरातल्या कपाटांची आवराआवर होते, आणि त्यात बहुधा एखादे लहानपणचे लाडके पुस्तक हाती लागते. ते पुन्हा वाचायला घेणारे वाचक पुष्कळ आहेत. मराठीत अशा वाचनासाठी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’इतके बोलके पुस्तक दुसरे नाही. बहुतेकांनी ते शाळेच्या वयात वाचलेले असते, रडत वाचलेले असते, आणि पुढे ‘मुलांचे संस्कारक्षम पुस्तक’ म्हणून मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलेले असते. त्याचे खरे वाचन मात्र आई गेल्यानंतरच सुरू होते.

याचे कारण पुस्तकाच्या घडणीतच आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. त्यांची आई यशोदाबाई १९१७ मध्ये वारली, तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. स्वातंत्र्यचळवळीत नाशिकच्या तुरुंगात असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. म्हणजे लिहिणारा मुलगा तेहेतीस वर्षांचा होता आणि आईला जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. पुस्तकातही तेच आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मोठा झालेला श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, एका रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. लहानपणी वाचताना हा सांगणारा श्याम दिसतच नाही. मुलाला दिसतो तो झाडावरच्या मुक्या कळ्या तोडणारा, पोहायला घाबरणारा, आईचा मार खाणारा छोटा श्याम. आई गेलेल्या वाचकाला पहिल्या पानापासून ऐकू येतो तो दुसरा श्याम, म्हणजे आई नसलेला माणूस. पहिल्याच रात्री आईचे गुण सांगताना त्याच्या आवाजात शेवटची रात्र ठाऊक असल्याचा भार आहे.

लक्ष जिथे जाते त्या जागाही बदलतात. ‘आनंदाची दिवाळी’ हे प्रकरण पाहावे. श्यामच्या वडिलांचे धोतर फाटलेले आहे, घरात पैशाची ओढ आहे. आईला तिच्या भावाकडून भाऊबीज मिळते. तिचे स्वतःचे लुगडेही काही धड नाही. पण त्या पैशांतून ती वडिलांसाठी नवे धोतर आणवते. दहा वर्षांच्या वाचकाला यात दिवाळी दिसते, नवे कापड दिसते, आई किती चांगली हे दिसते. चाळिशीतल्या वाचकाला पैसे दिसतात. भाऊबीज ही बाईच्या हातात येणारी तिची स्वतःची अशी जवळजवळ एकमेव रक्कम, आणि ती कशावर खर्च करायची याचा निर्णय तिने कुणाला न विचारता घेतला, हे त्याला कळते. मग स्वतःच्या आईने वर्षानुवर्षे काय काय घेतले नाही, याचा हिशेब मन आपोआप मांडू लागते. पुस्तकाच्या उत्तरार्धातली कर्जाची प्रकरणे तर मुले भराभर उलटतात. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो, घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते. हा सगळा भाग मोठेपणी अंगावर येतो, कारण आईवडील मुलांसमोर हसत असताना मागे काय चालले होते, ते त्यात उघड होते.

अडतिसाव्या रात्रीपासून आईचा शेवटचा आजार सुरू होतो. श्याम तेव्हा शिकायला दूर पुण्याला आहे. शेवटची भेट होत नाही. तो घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. दुसऱ्या शहरात किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या, फोन आल्यावर विमान किंवा रात्रीची बस पकडून निघालेल्या आणि तरीही उशीर झालेल्या मुलांना हा भाग वाचणे फार जड जाते. काहीजण सदतिसाव्या रात्रीनंतर पुस्तक मिटून ठेवतात आणि महिन्याभराने पुढे वाचतात. त्यात काहीच गैर नाही.

शोकाच्या अभ्यासातही या वाचनाला जागा आहे. विसाव्या शतकात बराच काळ असे मानले जाई की, गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे दुःखातून बाहेर येणे. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ‘कंटिन्युइंग बाँड्स’ या ग्रंथाने वेगळी बाजू मांडली: माणूस गेल्यावर नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते जपणे हे आजाराचे लक्षण नव्हे. पुस्तक पुन्हा वाचणे हा तसे नाते जपण्याचा एक साधा मार्ग आहे. आईने वाचून दाखवलेले पान पुन्हा वाचताना तिचा सूर, ती कुठे थांबायची, कुठे तिचा गळा दाटायचा, हे आठवते. फोटोत हे सापडत नाही.

मात्र हे पुस्तक सगळ्यांना सारखेच जवळचे वाटेल असे नाही. श्यामची आई मारते, रागावते, पण तिच्या प्रेमाविषयी श्यामला कधी शंका येत नाही. ज्यांचे आईशी पटले नाही, बोलायचे राहून गेले, त्यांना ही माउली परकी वाटू शकते, कधी तिचा रागही येतो. वडील गेलेल्यांना याच पुस्तकात वेगळी वाट सापडते. ‘अळणी भाजी’मध्ये मीठ विसरलेली भाजी वडील एक शब्द न बोलता खातात, जेवणाऱ्या मुलांनाही बोलू देत नाहीत, आई जेवायला बसते तेव्हाच तिला ते कळते. पहिल्या वाचनात मुलांना गंमत वाटते ती मिठाची. वडिलांचे ते गप्प राहणे दिसायला वय जावे लागते, आणि बऱ्याचदा वडीलही.