सर्व्हर डाऊन शे भो!

रात्री मेस आटोपली की हॉस्टेलच्या कुठल्या ना कुठल्या खोलीतून ही आरोळी येतेच. स्क्रीनवर लिहिलेलं असतं 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही'. मग ठरलेला कार्यक्रम सुरू. कन्सोल बंद-चालू, राऊटर बंद-चालू, आणि तरी जमलं नाही तर नेटवर्क सांभाळणाऱ्या दादांच्या नावाने शंख! गंमत अशी की दहापैकी आठ वेळा सर्व्हर मस्त चालू असतो आणि बिघाड आपल्यापासून पन्नास पावलांच्या आत असतो.

हा लेख फक्त गेमवाल्यांसाठी आहे असं स्टाफमधल्या मंडळींनी समजू नये. ज्या कारणाने प्लेस्टेशन लटकतं, त्याच कारणाने परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या रात्री पेमेंटचं पान लटकतं. फरक इतकाच की कन्सोल निदान स्वतःची तपासणी करून काय बिघडलंय ते ओळीओळीने सांगतो. आपण ती वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी सर्व्हर खरंच बंद आहे का ते बघू. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचीही 'सर्व्हिस स्टेटस'ची पानं आहेत, मोबाईलवर अर्ध्या मिनिटात उघडतात. सर्व्हर बंद पडतच नाहीत असं नाही. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला झाला, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जवळपास चोवीस तास गायब होती. नंतर सोनीने पैसे भरणाऱ्या सभासदांना पाच दिवस वाढवून दिले. अशा वेळी राऊटरची पिन ओढून काहीही होत नाही. 'डब्ल्यूएस-३७४०३-७' हा कोड दिसला तरी अर्थ तोच, तिकडे देखभाल चालू आहे, तुम्ही झोपा.

स्टेटस हिरवं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'टेस्ट इंटरनेट कनेक्शन' चालवा. एकेक ओळ येत जाते. आयपी ॲड्रेस मिळाला का, इंटरनेट मिळालं का, साइन-इन झालं का, नॅट टाइप कोणता, आणि शेवटी स्पीड. ज्या ओळीवर गाडी अडते, तिथेच बिघाड. आपली पोरं थेट शेवटची ओळ बघतात आणि 'अरे, पन्नास एमबीपीएस तर येतंय' म्हणून भांडायला उठतात!

पहिल्याच ओळीवर अडलं तर? घरी हे क्वचित होतं, हॉस्टेलमध्ये नेहमी. कारण साधं गणित आहे. बहुतेक राऊटर जो पत्त्यांचा साठा ठेवतात त्यात २५६ पैकी दोन राखीव जातात, एक राऊटर स्वतः घेतो, उरतात २५३. समजा मजल्यांवर दीडशे मुलं आहेत, प्रत्येकाचा एक मोबाईल आणि एक लॅपटॉप. झाले तीनशे! एकदा दिलेला पत्ता पुष्कळदा चोवीस तास त्याच्याच नावावर राहतो, तो मुलगा गावाला गेला तरी. म्हणून सकाळी सगळं सुरळीत आणि रात्री नऊनंतर जो उशिरा येईल तो उपाशी, थेट मेससारखंच. लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, साठा संपला किंवा पत्ता वाटणाऱ्यापर्यंत निरोपच पोचला नाही. यावर उपाय विद्यार्थ्याच्या हातात नाही, पण नेटवर्क बघणाऱ्यांच्या हातात आहे आणि फुकट आहे. साठा मोठा करायचा (एक हजारावर पत्ते सहज देता येतात) आणि मुदत चोवीस तासांवरून दोन-तीन तासांवर आणायची.

दुसऱ्या ओळीवर अडलं, म्हणजे पत्ता मिळाला पण इंटरनेट नाही, तर बहुधा लॉगिनचं पान आडवं आलंय. आपण लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड टाकतो ते पान कन्सोलवर धड उघडत नाही. काही कॉलेजांत वायफायलाच प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड लागतो. त्या पद्धतीचं वायफाय प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स जोडूच शकत नाहीत. तिथे पासवर्ड शंभरदा टाकून उपयोग नाही. सरळ मार्ग म्हणजे कन्सोलचा मॅक ॲड्रेस कागदावर लिहून नेटवर्क रूममध्ये द्यायचा आणि नोंद करून घ्यायची. परवानगी मिळेल की नाही हा वॉर्डन सरांचा प्रांत, त्यात मी पडत नाही.

साइन-इनला अडलं तर आधी कन्सोलची तारीख आणि वेळ बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र कन्सोलला मुदतबाह्य वाटतं आणि तो हात मिळवायला नकार देतो. आणि कोड 'डब्ल्यूएस-३७३९७-९' असेल तर मामला गमतीचा आहे. तुमचं खातं ठीक आहे, पण तुमचा आयपी पत्ता सोनीने अडवलाय. आता तो पत्ता तुमच्या एकट्याचा थोडाच आहे? अख्ख्या हॉस्टेलचा एकच! दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी भलते उद्योग केले की शिक्षा सगळ्यांना.

हे समजायला 'नॅट' समजायला हवा, आणि खरी मेख तिथेच आहे. जरा नीट सांगतो.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला. म्हणून एका इमारतीला एकच खरा पत्ता देतात आणि आतल्या सगळ्यांना खाजगी नंबर. आपल्या गेटवरचे काका डोळ्यासमोर आणा. आतला मुलगा बाहेर गेला की काका वहीत नोंद करतात, 'खोली ११२, अमुक ठिकाणी गेला'. तिकडून उत्तर आलं की वही बघून खोली ११२ ला पाठवतात. पण कुणी अनोळखी माणूस येऊन 'मला आत जायचंय' म्हणाला तर? वहीत नाव नाही, चल परत! राऊटर अगदी हेच करतो.

फोर्टनाइटसारख्या गेममध्ये सगळे कंपनीच्या मोठ्या सर्व्हरला जाऊन भेटतात, तिथे हे काका आड येत नाहीत. पण जीटीए ऑनलाइनसारख्या गेममध्ये खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात. तुमचा मित्र धुळ्याच्या हॉस्टेलमध्ये, तुम्ही इथे. त्याच्या गेटवर काका, तुमच्या गेटवर काका, दोघंही कडक. भेट कशी होणार? म्हणून लॉबीत नाव दिसतं, आवाज ऐकू येत नाही आणि सामना सुरू होताना 'कनेक्शन एरर'. प्लेस्टेशनवर हे 'नॅट टाइप ३', एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट'. एक्सबॉक्सच्या हिशोबात स्ट्रिक्टवाला फक्त ओपनवाल्याशी खेळू शकतो. त्यामुळे चार मित्रांपैकी तिघांचं जमतं आणि चौथ्यालाच एरर येते, तेव्हा तो चौथा सर्व्हरला शिव्या देतो.

घरचा राऊटर असेल तर त्यात 'यूपीएनपी' चालू करा, कन्सोल स्वतःच काकांना सांगून ठेवतो की माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. तेवढ्याने पुष्कळदा टाइप २ होतो. नाही झाला तर हाताने पोर्ट उघडावे लागतात, एक्सबॉक्ससाठी मुख्य ३०७४, प्लेस्टेशनसाठी ३४७८ ते ३४८० च्या आसपासचे. 'डीएमझेड'मध्ये टाका म्हणून सल्ला देणारे महाभाग भेटतील. त्याचा अर्थ गेटवरून काकांना घरी पाठवणं. हॉस्टेलमध्ये तर हा हट्ट धरूच नका, दीडशे जणांचे लॅपटॉप त्याच दारामागे आहेत.

पण आमच्या भडगावसारख्या गावी एक आणखी भानगड आहे. पोर्ट उघडले, सगळं नीट केलं, तरी टाइप ३ तो ३ च. कारण आपल्या राऊटरच्या बाहेर नेट देणाऱ्या कंपनीचाही एक राऊटर बसलेला असतो, तो शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतो. म्हणजे गेटच्या बाहेर तालुक्याचं गेट! ओळखायची खूण सोपी. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर नक्की हेच. १० ने सुरू होत असेल तरी वर कुणीतरी दुसरा गेटवाला बसलाय. मग तुमच्या राऊटरवर पोर्ट उघडणं म्हणजे घराचं दार उघडं ठेवून वेशीला कुलूप. यावर दोनच उपाय, महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र स्टॅटिक आयपी मागणं, किंवा नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ पत्ते चालू करून घेणं. २०१३ च्या एक्सबॉक्स वनपासून एक्सबॉक्सला ते पत्ते चालतात.

डीएनएस ८.८.८.८ टाकला की पिंग कमी होतो, ही आपल्याकडची लाडकी अफवा. डीएनएस म्हणजे फोनबुक. नंबर लवकर सापडेल, पण बोलायला लागल्यावर रेंज तीच राहणार!

आता अंतराचं बघा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे. भडगाव ते मुंबई सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर, जाऊन-येऊन तीन मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९, आणि तार सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. कुठलाही रिचार्ज हा आकडा खाली आणू शकत नाही. म्हणून गेममध्ये 'रिजन' आपोआप न सोडता स्वतः तपासा.

तारही तुटते. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि आपल्याकडचं इंटरनेट दिवसेंदिवस रांगत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तसंच झालं. अशा वेळी युरोपचे सर्व्हर अडखळतात, पण सिंगापूरकडे जाणाऱ्या केबल दुसऱ्या दिशेला आहेत, तिकडे खेळणं चालू शकतं.

समुद्र दूर राहिला, रस्त्याच्या कामातला जेसीबी आपल्याला जास्त जवळचा! फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेर तार तुटलीय. रीस्टार्ट करून हात दुखवू नका, फोन करा. आणि लाईट गेल्यावर शेजाऱ्याचं नेट चालू, आपलं बंद, असं का? दोघांच्याही राऊटरला इन्व्हर्टर असला तरी तुमच्या केबलवाल्याने मध्ये खांबावर विजेवर चालणारा स्विच लावला असेल तर तो लाईटबरोबर मरतो. शेजाऱ्याच्या लाईनवर मध्ये नुसता काचेचा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागतच नाही. नवीन कनेक्शन घेताना हा एक प्रश्न जरूर विचारा, प्लॅनच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

राहिलं मधेच डिसकनेक्ट होणं. कन्सोलच्या शेजारी लॅपटॉप ठेवा, आधी आपल्या राऊटरलाच पन्नास वेळा पिंग करा. तिथेच कधी २, कधी १८० येत असेल तर बिघाड भिंतींच्या आत आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीत हॉटस्पॉट चालू असेल तर तिथे बाजारच भरणार. ५ गिगाहर्ट्झ घ्या, त्याहून बरं म्हणजे लॅन केबल. राऊटरपर्यंत ठीक आणि बाहेर खराब असेल तर कुणाचा तरी फोटोंचा बॅकअप अपलोड होतोय का ते बघा. तो रांग अडवून बसतो, आणि स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात हे दिसतच नाही.

इतकं करून तक्रार द्यायचीच असेल तर 'नेट चालत नाही' असं लिहू नका. वेळ, एरर कोड, टेस्ट कुठल्या ओळीवर थांबली, नॅट टाइप आणि राऊटरचा पिंग, या पाच गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून नेटवर्क रूमच्या दाराखालून सरकवा. दादा सकाळी साडेनऊला येतात.