खापरपणजीचा पत्ता

लोक स्वीडनला जातात आणि ‘आब्बा’चं म्युझियम बघतात, नॉर्दर्न लाइट्सचे फोटो काढतात. मी मात्र अख्खी सुट्टी एका खेड्यातल्या चर्चच्या दीडशे वर्षं जुन्या वह्या वाचण्यात घालवली. तीही स्वतःच्या नाही, जिजूच्या खापरपणजीसाठी!

ताई स्टॉकहोममध्ये आयटीत आहे. जिजू अमेरिकन, मिनेसोटाचा. (आई अजूनही ‘जावईबापू’ म्हणते, पण ताईच्या हुकुमावरून माझ्यापुरतं अहो-जाहो बंद.) गेल्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे पोचले, तर सामान उघडायच्या आधीच जिजूनं जाहीर केलं, ‘‘शुक्रवारी स्मोलँडला निघतोय. माझ्या मोरमोरच्या मोरमोरला शोधायला.’’

कोणाला?

तर स्वीडिश भाषेत ‘मोर’ म्हणजे आई. आईची आई ‘मोरमोर’, वडिलांची आई ‘फारमोर’. आपल्यासारखी दोघींना सरसकट ‘आजी’ म्हणायची सोय नाही. मोरमोरची मोरमोर म्हणजे आपली खापरपणजी. तिच्याबद्दल हातात काय होतं? घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तीन गोष्टी. तिचं नाव, एका पॅरिशचं नाव आणि १८६९ हे साल. (नावं इथे देत नाहीये. जिजूच्या आईची तशी अट आहे.)

बास, एवढ्यावर? मला वाटलं, हा माणूस गेला कामातून!

वही नंबर एक

स्मोलँड हा दक्षिण स्वीडनमधला जंगलाचा आणि दगडांचा प्रांत. शेतं बघाल तर प्रत्येकाभोवती दगडी बांध. शेतातून वेचलेल्या दगडांचं करायचं काय, म्हणून रचलेले! त्यात १८६७ साली थंडी-पावसानं पीक बुडालं, १८६८ मध्ये दुष्काळ पडला आणि लोकांनी बोटी पकडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे तेरा लाख स्वीडिश माणसं उत्तर अमेरिकेला गेली. १९०० साली देशाची लोकसंख्याच पन्नास लाखांच्या आसपास होती, यावरून अंदाज करा. वेक्शो शहरात या लोकांवर एक अख्खं म्युझियम आहे, १९६८ पासून. आणि विल्हेल्म मोबेरी या लेखकानं स्थलांतरितांवर लिहिलेल्या चार कादंबऱ्या तिथे घरोघरी माहीत आहेत. तोही इथलाच, स्मोलँडचा.

पण खरी गंमत आहे ती चर्चच्या वह्यांत. १६८६ च्या चर्च कायद्यानं पाद्रीबुवांना नोंदी ठेवणं बंधनकारक केलं. जन्म, लग्न, मृत्यू तर झालेच. शिवाय दरवर्षी घरोघरच्या माणसांची परीक्षा! धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, वाचता येतं का, हे विचारायचं आणि वहीत खुणा करायच्या. मालक, मालकीण, मुलं, गडी, मोलकरीण, सगळ्यांच्या. एका शेताला एक पान. देवी काढल्या का, कुठून आला, कुठे गेला, त्याचेही रकाने. माणूस मेला किंवा पॅरिश सोडून गेला, की त्याच्या ओळीवर काट. हेतू अर्थात लोकांवर नजर ठेवण्याचा होता. पण त्यामुळे झालं असं, की ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडाही नव्हता, तेसुद्धा कागदावर आले.

आज या वह्यांची पानं नॅशनल आर्काइव्हजनं स्कॅन करून ठेवली आहेत, २०१८ पासून फुकट. म्हणजे पुण्यातल्या सोफ्यावर बसूनही बघता येतात. फक्त दोन गोष्टी हव्यात, पॅरिशचं नाव आणि पेशन्स.

आंदेर्सची मुलगी

आडनावाच्या भरवशावर मात्र राहू नका. तेव्हा खेड्यात आडनावं नव्हतीच. आंदेर्सचा मुलगा आंदेर्सन, आंदेर्सची मुलगी आंदेर्सडॉटर. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते शेवटी लावायचे. एका पॅरिशमध्ये आंदेर्सन ढीगभर, म्हणून जन्मतारीख जुळवूनच पुढे जायचं. सैन्यात गेला की एक आटोपशीर नाव मिळायचं. रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर. कायमचं आडनाव घ्यायचा नियम १९०१ मध्ये आला.

आणि ही गोष्ट ऐका. लग्न झालं तरी आंदेर्सडॉटर ही आंदेर्सडॉटरच राहायची. नवऱ्याचं नाव लावायची पद्धत खेड्यात खूप उशिरा रुळली. त्यामुळे बाईचा माग काढणं पुरुषाइतकंच सोपं. जिजूची अडचण होती ती अमेरिकेत. तिथे प्रत्येक पिढीत मुलीचं आडनाव बदललं आणि चार पिढ्यांत धागा सुटला. समुद्राच्या अलीकडे तोच धागा व्यवस्थित सापडला.

गावातल्या जुन्या शाळेत स्थानिक इतिहास मंडळाचं ऑफिस आहे. तिथले आजोबा कॉफी आणि दालचिनीचे बन समोर ठेवून आमच्याबरोबर लॅपटॉपवर बसले. अर्ध्या तासात ती सापडली. जन्म १८४८. पंधराव्या वर्षापासून मोलकरीण. दर ऑक्टोबरअखेर नोकरांचं वर्ष संपायचं, तशी ती या शेतावरून त्या शेतावर. वाचनाच्या रकान्यात चांगली खूण. जिजू उड्या मारायचाच बाकी होता.

मग आजोबांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

रकाना रिकामा

१८६७. तिच्या नावाखाली एक मुलगा. लग्नाबाहेरचा. वडिलांच्या जागी ‘अज्ञात’.

१८६९. तिच्या ओळीवर काट. पुढे लिहिलंय, ‘उत्तर अमेरिका’. मुलाच्या ओळीवर काट नाही.

म्हणजे दोन वर्षांच्या पोराला आई-वडिलांकडे ठेवून एकवीस वर्षांची ही मुलगी बोटीत बसली होती. मिनेसोटात तिनं लग्न केलं, संसार केला, पाच मुलं झाली. मात्र सहाव्याचा, खरं तर पहिल्याचा, उल्लेख घरात कुणीही कधीच केला नव्हता.

‘‘मेला असेल का तो?’’ ताईनं विचारलं. त्या काळी फार मुलं जायची. आम्ही पुढची वही उघडली. आहे. त्याच्या पुढची. आहे. आधी आजोबांचा नातू, मग शेतावरचा गडी. आणि १८८६ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, त्याच्याही ओळीवर काट. पुढे तेच दोन शब्द, ‘उत्तर अमेरिका’.

आईला शोधायला गेला? की इतर हजारो पोरांसारखा पोटासाठी? ती भेटली का त्याला? वहीत त्यासाठी रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचं घर बघायला गेलो. घर कसलं, जंगलात पायाचे चार दगड, लायलॅकचं एक झुडूप आणि मंडळानं ठोकलेली खोपटाच्या नावाची पाटी. चर्चच्या आवारात तर तिच्या आई-वडिलांचा दगडही नाही. स्वीडनमध्ये थडग्याची जागा कायमची नसते. साधारण पंचवीस वर्षांचा हक्क मिळतो. घरच्यांनी तो वाढवला नाही, तर जागा दुसऱ्याला. गरिबांच्या लाकडी क्रुसांचं तर विचारूच नका. जमिनीवर त्या कुटुंबाची एकही खूण शिल्लक नव्हती. होत्या त्या फक्त पाद्रीबुवांच्या चार ओळी.

रात्री दहा वाजता, अजून लख्ख उजेड असताना, जिजूनं आईला फोन लावला. दोन दिवस तो टाळत होता. ‘‘तिच्या मनातल्या मोरमोरला धक्का कशाला?’’ असं त्याचं म्हणणं. शेवटी सगळं सांगितलं. पलीकडे इतकी शांतता, की मला वाटलं लाइन कट झाली. मग त्या म्हणाल्या, ‘‘त्याची जन्मतारीख पाठव. बायबलमध्ये लिहायचीय.’’

आणि माझी?

परतीच्या गाडीत मी खिडकीतून दगडी बांध बघत होते. डोक्यात किडा वळवळत होता. एका परक्या देशातल्या मोलकरणीची जन्मतारीख, तिनं बदललेली शेतं, तिचं वाचन, सगळं मला पाठ झालं होतं. आणि माझी स्वतःची पणजी?

आमचा कुळवृत्तांत आहे की घरी, छापील, बाइंड केलेला. त्यात पुरुषांच्या नऊ पिढ्या. पणजीचा उल्लेख ‘पत्नी लक्ष्मीबाई’. पण ते नाव लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. त्याआधी ती कोण होती?

घरी पोचल्यावर बाबांना विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, ‘‘खरंच की, कधी विचारलंच नाही.’’ मग आत्याला फोन केला. आत्या अठ्ठ्याहत्तरची, पणजीच्या मांडीवर खेळलेली एकटीच उरलेली.

‘‘अगं, माहेरची माणसं आली की तिला वेगळंच काहीतरी म्हणायची,’’ आत्या म्हणाली. ‘‘थांब, आठवतेय मला. थांब जरा.’’

मी थांबलेय. वही-पेन घेऊन.