सोडियम घसरतं तेव्हा

2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपताच 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. तिघांचं तर 120 च्याही खाली, म्हणजे थेट जिवावर बेतणारं! निरोगी माणसात ते लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असतं. धावताना ज्यांचं वजन वाढलं, त्यांना धोका जास्त होता. घामातून गेलं त्याहून जास्त ते प्यायले होते. स्पोर्ट्स ड्रिंक पिणारेही सुटले नाहीत.

म्हणूनच ‘सोडियम कमी, तर मीठ वाढवा’ हा सल्ला धोक्याचा आहे. बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, शरीरात पाणी जास्त झालेलं असतं. ते पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, शेवटी झटके.

वयस्कर माणसांत हे थायझाइड गटातल्या बीपीच्या गोळीनेही होतं. आजी अचानक बरळू लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

रक्ताबरोबर लघवीतलं सोडियम आणि तिची तीव्रता तपासली की कारणाचा माग लागतो. त्यावरून कुणाचं पाणी मोजून दिलं जातं, कुणाला साधं सलाईन लागतं, कुणाची गोळी बदलते. झटके आले तर 3 टक्क्यांचं सलाईन तातडीने, रुग्णालयातच.

मात्र जुनी घसरण घाईने भरून काढायची नसते. 24 तासांत साधारण 8 ते 10 मिलिमोलपेक्षा जास्त वाढ झाली, तर मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी रक्त तपासतात.