तुटणाऱ्या हवेचे गणित

पृथ्वीभोवती फिरणारे यान कक्षा सोडून परतू लागते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो आणि त्याच्या प्रत्येक किलोग्रॅम वस्तुमानामागे जवळजवळ ३० मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा यानात न मुरता बहुतांशी हवेत जावी, यासाठीच सारी खटपट करावी लागते. कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की यानाचे नाक टोकदार न ठेवता बोथट ठेवले, तर आघात तरंग, म्हणजे जो ओलांडताना हवेचा दाब, घनता आणि तापमान एकदम उसळते तो अत्यंत पातळ पट्टा, नाकापासून काही अंतरावर उभा राहतो आणि बरीचशी उष्णता तापलेल्या हवेबरोबरच बाजूने वाहून जाते. बोथट आकाराने यान वाचले, पण गणित बिकट झाले. नाकासमोर प्रवाह ध्वनीहून मंद आणि बाजूंना ध्वनीहून जलद असल्याने एकाच चित्रात दोन वेगळ्या स्वभावांची समीकरणे आली. १९६६ साली मोरेटी आणि ॲबेट यांनी यातून वाट काढली. स्थिर प्रवाहाचे उत्तर थेट शोधण्याऐवजी त्यांनी काळ पुढे पुढे सरकवत प्रवाह आपोआप स्थिरावू दिला, आणि आजही बहुतेक संगणक-प्रणाली त्याच वाटेने चालतात.

खरी अडचण हवेच्या स्वभावात आहे. चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो यानाचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या घरात होता. हवा नेहमीसारखीच वागते असे धरून हिशेब केला, तर आघात तरंगामागील तापमान सुमारे ५८,००० केल्व्हिन येते, प्रत्यक्षात ते ११,६०० केल्व्हिनच्या आसपास असते. मधली ऊर्जा रेणू तोडण्यात खर्ची पडते. आधी ऑक्सिजनचे रेणू फुटतात, मग नायट्रोजनचे, त्यांच्या तुकड्यांतून नायट्रिक ऑक्साइड बनते, आणि पुढे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागतात, ज्यांच्यामुळे यानाशी होणारा रेडिओ-संपर्क काही काळ तुटतो. या अभिक्रियांना वेळ लागतो, पण हवा तर सेकंदाच्या अगदी लहान अंशातच यानाजवळून निघून जाते, म्हणून प्रवाहाच्या प्रत्येक बिंदूवर हवेचे घटक किती उरले आणि तिचे रेणू कंपनाच्या दृष्टीने किती तापले, हे वेगवेगळे मोजावे लागते.

व्हर्जिनियातील नासाच्या लँगली केंद्रात पीटर नॉफो यांनी १९८०च्या दशकात घडवलेली ‘लॉरा’ ही संगणक-प्रणाली या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. यानाभोवतीची जागा लाखो कप्प्यांच्या जाळीत विभागली जाते आणि प्रत्येक कप्प्यातून वस्तुमान, संवेग, ऊर्जा आणि निरनिराळे रासायनिक घटक किती आले व किती गेले, याचा ताळेबंद वारंवार मांडला जातो. जाळी विणण्यातच अर्धे कसब असते. यानाच्या पृष्ठभागाला लागून असलेला कप्पा पुरेसा पातळ नसेल तर उष्णतेचा आकडा चुकतो. जाळी आणि हिशेबाची पद्धत यांचा मेळ बसला नाही तर नाकासमोर तरंगाला फुगवटा आलेला दिसतो, जो निसर्गात नसतो, फक्त गणितात असतो. या फुगवट्याला या क्षेत्रात ‘कार्बंकल’ म्हणतात. पडद्यावरचे रंगीत चित्र सुबक दिसले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे येथे नवशिक्याला सर्वप्रथम शिकावे लागते.

अशा गणिताची निकड कोलंबिया या स्पेस शटलच्या पहिल्याच उड्डाणाने दाखवून दिली. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन १४ एप्रिल १९८१ रोजी परतत असताना यानाचे नाक अपेक्षेहून अधिक वर उचलले जाऊ लागले. शेपटीखाली, इंजिनांच्या खालच्या बाजूला असलेली ‘बॉडी फ्लॅप’ ही झडप हा तोल सावरण्यासाठी होती. ती साधारण सात-आठ अंश वळवली की पुरेल असे वातविवरांतील चाचण्यांवरून ठरले होते, प्रत्यक्षात ती १६ अंशांपर्यंत वळवावी लागली. तिची मर्यादा २२.५ अंशांची होती. यान सुखरूप उतरले, पण अंदाज इतका का चुकला हा प्रश्न उरला. वातविवर म्हणजे ज्यात लहान प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून वेगाने हवा सोडतात ते उपकरण. त्यातली हवा रेणू तुटण्याइतकी तापत नाही. पुढे संगणकी हिशेबांनी दाखवले की रेणू तुटल्यामुळे आघात तरंगामागील थर अधिक पातळ होतो, यानाच्या पोटाखाली पुढे दाब किंचित वाढतो, मागे किंचित घटतो, आणि हा किंचित फरक लांब पोटावर साचून नाक वर उचलतो. लँगलीतच कार्बन टेट्राफ्लुओराइड हा जड वायू वापरणाऱ्या वातविवरात याची खातरजमा झाली; हा वायू आघाताने हवेपेक्षा पुष्कळ जास्त दाबला जातो, त्यामुळे रेणू न तुटताही तसाच परिणाम त्यात दिसतो. गणित, प्रयोग आणि उड्डाण यांचे एकमत होणे ही या विद्येतील अतिशय मोलाची घटना आहे, आणि ती क्वचितच इतकी स्वच्छ घडते.

पृष्ठभागाचेही स्वतःचे रसायन असते. तुटलेले अणू यानाच्या कवचावर पुन्हा जुळले तर जुळताना उष्णता सोडतात. शटलच्या फरशांवरील काचेसारखा लेप अशा जुळणीला फारसा हातभार लावत नव्हता. १९८१च्या दुसऱ्या उड्डाणात काही फरशांवर मुद्दाम जुळणीला चालना देणारा लेप लावला गेला आणि त्या फरशा शेजारणींपेक्षा जास्त तापल्या. फार उंचावर हवा इतकी विरळ असते की तिला सलग द्रव्य मानणेच चालत नाही, तेथे सिडनीच्या ग्रेम बर्ड यांनी १९६३ साली सुचवलेली, प्रातिनिधिक रेणूंच्या टकरी यदृच्छेने घडवणारी ‘माँटे कार्लो’ पद्धत वापरतात.

तरीही अंदाज फसतात. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ मोहिमेचे शोधयंत्र सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याचे कवच नाकावर अपेक्षेहून कमी आणि खांद्याकडे अपेक्षेहून जास्त झिजले. यंत्राच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कवचाचा होता. खांद्यावर ते आणखी थोडे झिजले असते तर यंत्र वाचलेच असते, असे म्हणता येत नाही.

भारतात हे काम तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात चालते. जानेवारी २००७ मध्ये भारताची परतीची पहिली कुपी कक्षेतून बंगालच्या उपसागरात उतरली, डिसेंबर २०१४ मध्ये मानवी कक्षाच्या नमुन्याची चाचणी झाली, आणि २०१७ साली केंद्रात एक मीटर व्यासाचे हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाचे, वातविवर आणि त्याच्या जोडीला आघात तरंगाने हवा तापवणारे दुसरे वातविवर (शॉक टनेल) कार्यान्वित झाले. ‘प्रवाह’ ही तेथेच घडलेली संगणक-प्रणाली गगनयान या भारताच्या मानवी अवकाशमोहिमेतील कक्षाभोवतीच्या प्रवाहाच्या विश्लेषणासाठी वापरली गेली आहे. इस्रोने २०२४ मध्ये तिची माहिती दिली, तेव्हा पुनःप्रवेशात हवेचे रेणू तुटताना होणाऱ्या अभिक्रियांच्या भागाची पडताळणी अजून चालू होती.