तिसरा आकडा कुठून येतो?

माउसच्या एका क्लिकमधून दोनच आकडे मिळतात: पडद्यावर किती आडवे आणि किती उभे. त्रिमितीय आराखड्यातल्या प्रत्येक बिंदूला मात्र तीन आकडे लागतात. तिसरा, म्हणजे खोलीचा आकडा प्रोग्रॅम एक तर आधी ठरवलेल्या प्रतलावरून घेतो, नाही तर कर्सरजवळ असलेला जुना बिंदू पकडून त्याचाच आकडा उचलतो. या पकडण्याला स्नॅप म्हणतात. रेषा नीट जुळाव्यात यासाठीची सोय, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते, आणि सपाट नकाशापुरती ती पुरतेही. त्रिमितीत मात्र बिंदू खरोखर कुठे आहे, हेच स्नॅपवर ठरते.

कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांच्या १९६३ सालच्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणी रेषेच्या नुसती जवळ आली तरी प्रोग्रॅम नेमका रेषेवरचा बिंदू धरत असे, कारण हात तेवढा अचूक चालत नाही हे तेव्हाच उघड होते. आजही स्थिती तीच आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ४०० मीटरचा भाग दिसत असेल, तर एक पिक्सेल सुमारे २१ सेंटिमीटरचा होतो. ही चूक झूम करून कमी करता येते. खोलीतली चूक झूमने कमी होत नाही, कारण ती पडद्याच्या आत जाणाऱ्या दिशेत असते आणि समोरून पाहताना दिसतच नाही.

खाणकामात हे सर्वांत स्पष्ट दिसते. खनिजाचा साठा मोजताना बोअरहोलमध्ये खनिज कुठे सुरू झाले आणि कुठे संपले याच्या नोंदी घेतात, ठरावीक अंतराने उभे छेद पाडतात, प्रत्येक छेदावर खनिजाची कड आखतात आणि त्या कडा जोडून वायरफ्रेम, म्हणजे साठ्याच्या पृष्ठभागाची त्रिमितीय जाळी, उभी करतात. पण बोअरहोल छेदाच्या प्रतलावर नेमके क्वचितच असतात. २०० मीटर खोल बोअरची दिशा वरूनच एक अंशाने चुकली, तर तळ सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. म्हणून छेदाच्या अलीकडचे-पलीकडचे काही मीटर धरून त्या जाडीतले सगळे बोअर एकत्र दाखवतात. पडद्यावर ते एकाच प्रतलावर असल्यासारखे दिसतात, आणि फसगत इथेच होते. समजा, बोअर प्रतलापासून ८ मीटर दूर आहे आणि खनिजाचा उभा पट्टा छेदाला काटकोनात न जाता त्या दिशेपासून ३० अंश कललेला आहे. स्नॅप न करता कड आखली, तर पट्टा आपल्या जागेपासून आडवा ४ मीटर सरकतो. पट्ट्याची जाडी ६ मीटर असेल तर खऱ्या आणि आखलेल्या पट्ट्याचा सामाईक भाग २ मीटरच उरतो. घनफळ जवळपास बरोबर येते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजसारखे घड्या पडलेले पट्टे असले की छेद सगळीकडे काटकोनात पाडणे शक्यच नसते.

यावर भूवैज्ञानिकांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे: निसर्गात शिरोबिंदू नसतात, कड हा अनुमानाचा भाग आहे, मग कर्सरने हात का धरावा? दोन बोअरांमधल्या जागेत हे पूर्णपणे खरे आहे. तिथे स्नॅप बंदच हवा, आणि कड वळवायचे स्वातंत्र्य आखणाऱ्याकडेच हवे. पण बोअरमधली सीमा हे अनुमान नाही. तो मोजलेला पुरावा आहे आणि अनुमानाने त्यातूनच जायला हवे. डेटामाइनच्या ‘स्टुडिओ’ या खाणकामाच्या प्रोग्रॅममध्ये माउसच्या डाव्या बटणाने मोकळा बिंदू पडतो आणि उजव्याने जवळचा बिंदू पकडला जातो. ही रचना मला शहाणपणाची वाटते, कारण दर क्लिकला आखणाऱ्याला ठरवावे लागते की हा बिंदू मोजलेला की मानलेला.

दुसरा आक्षेप असा की स्नॅप भलताच बिंदू पकडतो: मागच्या बोअरचा, किंवा शेजारच्या जुन्या रेषेचा. तो पकडतो खरा, आणि ती चूक मोकळ्या हाताच्या चुकीपेक्षा वाईट, कारण ती अचूक दिसते. पण त्यासाठी स्नॅप सोडून देण्यापेक्षा नको त्या लेअर बंद कराव्यात, पकडायचा प्रकार एकच ठेवावा आणि आखून झाल्यावर दृश्य फिरवून बाजूने पाहावे. चुकून पकडलेला बिंदू तेव्हा रेषेतून सुळक्यासारखा बाहेर आलेला दिसतो. ‘नंतर जवळचे बिंदू आपोआप एकत्र करू’ हा तिसरा मार्ग मला पटत नाही. ठरवलेल्या अंतराच्या आतले बिंदू जोडणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांतला कोणता मोजलेला हे कळत नाही, आणि त्या अंतरापेक्षा पातळ थर तो सरळ चेपून टाकतो. त्यापेक्षा वायरफ्रेम झाल्यावर प्रत्येक बोअरमधली सीमा पृष्ठभागापासून किती दूर पडली याची यादी काढावी. जिथे अंतर शून्य नाही, तिथे ते मुद्दाम ठेवले आहे की क्लिक घाईत पडला, हे आखणाऱ्याला विचारता येते.