चिडतो, म्हणजे प्रेम करतो?

"त्याचा माझ्यावर जीव आहे हो काकू, म्हणून तर चिडतो."

वस्तीतल्या मुलींचा शनिवारचा गट मी चालवते. तिथं हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी बोलतंच. बोलणारी असते दहावी-अकरावीतली. 'चिडतो म्हणजे नेमकं काय करतो ग?' असं विचारलं की आधी हसण्यावारी नेते. मग हळूहळू कळतं. मोबाइलचा पासवर्ड त्याच्याकडे. वर्गातल्या मुलाकडून वही घेतली तर दोन दिवस अबोला. फोन उचलायला उशीर झाला तर शिव्या. आणि एक दिवस दंडावर चिमट्यांचे काळे-निळे डाग.

मैत्रिणींनो, 'एकतर्फी प्रेम' हा शब्द आपल्या पिढीला चांगलाच ठाऊक आहे. १९९० साली उल्हासनगरला रिंकू पाटील या मुलीला दहावीच्या परीक्षा केंद्रातच जाळून मारलं, तेव्हा मी शाळेत होते. कितीतरी दिवस घराघरांत तोच विषय होता. पण दोघांचाही होकार असलेल्या 'प्रेमा'त जी मारहाण चालते, तिची बातमी होत नाही. कारण मुलगी सांगतच नाही. सांगितलं तर घरून पहिला प्रश्न येणार, 'तू गेलीसच कशाला त्याच्याबरोबर?'

अशाच एका मुलीबद्दल लिहितेय. तिची ओळख पटेल असं काही सांगत नाही. अकरावीत होती, सोळा वर्षांची. तो सतरा. तिनं 'आता बास' म्हटलं, तर त्यानं क्लासच्या पार्किंगमध्ये तिच्या कानफटात मारली. वर 'तुझे ते फोटो सगळ्या ग्रुपवर टाकतो' ही धमकी. पोरगी जेवेनाशी झाली, केस विंचरेना. आईला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन. शेवटी तिची मैत्रीण माझ्याकडे आली.

घरी बोलायला गेले तर वडिलांनी निकालच देऊन टाकला, "कॉलेज बंद. उन्हाळ्यात स्थळं बघू." माझा संताप संताप झाला. मारलं त्यानं आणि शिक्षा हिला! "भाऊ, अठराच्या आत लग्न लावलंत तर केस तुमच्यावर होईल," मी स्पष्टच सांगितलं. ते गप्प बसले. पटलं म्हणून नाही, घाबरले म्हणून. मला तेवढंही पुरलं.

आता कायद्याचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा इथं उपयोगाचा नाही, तो एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या माणसांसाठी आहे. पण मुलगी अठराच्या आतली आणि प्रकरण अशा फोटोंचं, लैंगिक त्रासाचं असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. तिथं 'तिची संमती होती' ही सबब चालत नाही. आणि ज्याला कळलंय त्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणजे मलाही. (याच कायद्याचा वापर, लेक राजीखुशीनं कुणाबरोबर गेली म्हणून सूड उगवायलाही होतो. तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.)

आईनं हात जोडले. "ताई, पोलीस नको हो, बोभाटा होईल." दोन संध्याकाळी तिच्या ओट्याशी उभी राहून समजावलं. मुलीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तेही गणवेशाशिवाय. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव छापायला बंदी आहे. मुलगाही अठराच्या आतला, त्याचं बाल न्याय मंडळापुढे चालेल, त्याचं आयुष्य बरबाद करायला आपण निघालेलो नाही. घाबरून ती फोनमधलं सगळं पुसून टाकणार होती, ते थांबवलं. धमकीचे मेसेज हाच तर पुरावा!

तक्रार झाली. पण खरं काम त्यानंतरचं. समुपदेशक बाईंकडे जायला लागल्यावर महिन्याभरात ती आईला म्हणाली, "मला त्याची आठवण येते." आई कपाळावर हात मारून माझ्याकडे. एवढा मार खाऊन आठवण? बाईंनी शांतपणे सांगितलं, येणारच. त्यानं मारलं तसं कौतुकही केलं होतं, आजारी असताना गेटपाशी डबा आणून दिला होता. हे ऐकून घेणारं कुणी घरात नसेल, तर पोरगी ते ऐकणाऱ्याकडेच परत जाते. मग आईनं ऐकायचं ठरवलं. भाजी निवडता निवडता, मधे न बोलता. तिला ते फार जड गेलं.

मुलीनं केस कापले, मानेपर्यंत. तो कापू देत नव्हता. बारावीला अठ्ठावन्न टक्के मिळाले, नातेवाइकांनी नाकं मुरडली. ज्या वडिलांनी कॉलेज बंद म्हटलं होतं, ते वर्षभर रोज सकाळी बस येईपर्यंत स्टॉपसमोरच्या टपरीवर उभे असायचे. विचारलं तर म्हणायचे, "चहा प्यायला आलो होतो."

आता ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागून मोटारसायकल हळू झाली की अजूनही दचकते, थांबते, गाडी पुढे गेली की चालू लागते. शनिवारी गटात येते. भाषण वगैरे करत नाही. नव्या मुलीशेजारी सतरंजीवर बसते आणि सहज विचारते, "तो तुझा फोन बघतो का ग?"

मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, फोटोंच्या धमकीसारख्या सायबर तक्रारींसाठी १९३० आणि तातडीला ११२. हे नंबर आमच्या मुलींनी कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेत. चिठ्ठ्या तिनंच लिहून दिल्या, तिचं अक्षर छान आहे.