‘सेव्ह’ झालं, पण डिस्कवर उतरलं का?

‘सेव्ह’ केलेली फाइल लगेच डिस्कवर जात नाही. लिनक्समध्ये ती सुमारे ३० सेकंद मेमरीतच थांबू शकते. तेवढ्यात वीज गेली तर? २००९ मध्ये ‘ईएक्सटी४’ ही नवी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना याचा फटका बसला. संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, की नुकत्याच बदललेल्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या! नाव डिस्कवर नोंदलं गेलेलं, मजकूर मात्र मेमरीबरोबर पुसला गेलेला. ‘ईएक्सटी४’चे विकासक थिओडोर त्सो यांनी केलेली दुरुस्ती लिनक्स २.६.३० मध्ये आली: जुन्या फाइलच्या जागी नवी आणताना मजकूर आधी, नाव नंतर. तरीही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एवढ्यावर विसंबू नये. हक्काचा आदेश ‘एफसिंक’; डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत तो प्रोग्रामला पुढे जाऊ देत नाही.